योनाची चार रकान्यांची वही: कामाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

बायबलच्या जुन्या करारातलं योनाचं पुस्तक मूळ हिब्रूतून ओळीओळीनं वाचायचं, प्रत्येक ओळीशेजारी शब्दशः मराठी लिहायचं आणि त्यापुढे दोन जुनी इंग्रजी भाषांतरं ठेवायची, असं ठरवलंय. एक विल्यम टिंडेलचं १५३१चं, दुसरं १६११चं, किंग जेम्स या नावाने ओळखलं जाणारं. चार रकाने झाले. इंग्रजीत शास्त्र आणणाऱ्यांनी कुठे शब्द धरला, कुठे सोडला, हे मला एका नजरेत दिसायला हवंय. माझी रोजची मजुरी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं इंग्रजीतून मराठी करण्याची आहे. एका शब्दाला सगळीकडे एकच प्रतिशब्द ठेवायचा की जागेप्रमाणे बदलायचा, हा प्रश्न माझ्या टेबलावर दररोज असतो.

योनाच का? चार अध्याय, अठ्ठेचाळीस ओव्या. हिब्रू सोपं आहे, बहुतेक सरळ गोष्ट आहे: देव योनाला निनवे शहरी जायला सांगतो, तो जहाजातून पळ काढतो, मासा त्याला गिळतो, आणि शेवटी तो निनवेला जातोच. शिवाय टिंडेलला पकडून १५३६मध्ये मारलं, त्यामुळे जुना करार त्याच्या हातून पुरा झाला नाही. पण पंचग्रंथाच्या, म्हणजे जुन्या कराराच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या मागोमाग त्यानं योना सुटा छापला होता. त्या छपाईची एकच प्रत आज ठाऊक आहे, ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

माझं हिब्रू: अक्षरं येतात, क्रियापदाची मुख्य रूपं ओळखता येतात. अजून कच्चंच आहे. दोन महिन्यांत होईल असा अंदाज. (चार लागले.)

५ जून

उच्चार देवनागरीत लिहायची पद्धत बसवली. इंग्रजी लिप्यंतरात ठिपके आणि टोप्या घालाव्या लागतात, तशा आपल्याला फारशा लागत नाहीत. हिब्रूतलं त्सादे म्हणजे ‘चाका’तला च, झायिन म्हणजे ‘जहाजा’तला ज. मराठी तोंडाला ही दोन्ही अक्षरं जन्मापासून येतात. पण नवख्या वाचकाला ‘चहा’तला च की ‘चाका’तला, हे कागदावर कळत नाही, म्हणून शेवटी त्स आणि झ असंच लिहिलं. खेतसाठी ख. आयिनला आपल्याकडे काही नाही, तिथे नुसता स्वर. हे पुरतं. ध्वनिशास्त्राच्या मागे लागू नका, मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली.

११ जून

तीन संध्याकाळी वाया. सगळ्या ओव्या स्प्रेडशीटमध्ये भरल्या आणि दुसऱ्या अध्यायापासून मराठी एका ओवीचं, इंग्रजी दुसऱ्याच ओवीचं दिसायला लागलं. वाटलं, चिकटवताना एक ओळ गळली. दोनदा पुसून परत भरलं.

ओळ गळलेली नव्हती. हिब्रूत पहिला अध्याय सोळा ओव्यांचा आणि दुसरा अकरांचा. इंग्रजीत पहिला सतरांचा, दुसरा दहांचा. ‘मोठा मासा योनाला गिळतो’ ही ओवी हिब्रूत दुसरा अध्याय उघडते, इंग्रजीत पहिला मिटवते. बेरीज दोन्हीकडे अठ्ठेचाळीसच, म्हणून शेवटची मोजदाद बरोबर येते आणि चूक लपते.

उपाय: एक ते अठ्ठेचाळीस असा स्वतःचा अनुक्रम द्या, दोन्हीकडचे ओवीक्रमांक बाजूला बारीक लिहा. खाली मी हिब्रूचे क्रमांक वापरतेय.

१६ जून

हिब्रू पाठ लेनिनग्राड या हिब्रू बायबलच्या हस्तलिखितावरचा घेतला. ते हस्तलिखित साधारण १००८ सालचं, सेंट पीटर्सबर्गला आहे, आणि त्याचा संगणकावरचा मजकूर फुकट मिळतो. पण शब्द शोधले की सापडेनात. कारण स्वरचिन्हं: एकाच अक्षराखालचं चिन्ह आणि पोटातला ठिपका यांचा क्रम दोन फाइलींत वेगळा होता. डोळ्यांना तेच दिसतं, संगणकाला वेगळं.

म्हणून सगळी चिन्हं काढून नुसती व्यंजनं ठेवली. शोध चालू झाला, पण शब्दसंख्या जुळेना. हे शोधायला आणखी दोन संध्याकाळी गेल्या. दोन शब्दांना जोडणारी आडवी रेघ असते, तिला मक्काफ म्हणतात. युनिकोडमध्ये ती स्वरचिन्हांच्या पट्ट्यातच बसवलेली आहे. मी पट्टा सरसकट पुसला, त्याबरोबर मक्काफही पुसली गेली आणि ‘एल-निनवे’सारखे जोडशब्द एकच शब्द बनले. आधी मक्काफच्या जागी मोकळी जागा घाला, मग चिन्हं पुसा.

दुसरी अडचण अशी की हिब्रूत ‘आणि’, ‘त’, ‘ला’ ही अक्षरं शब्दाच्या पुढे चिकटतात. आपले प्रत्यय मागे, त्यांचे पुढे. शोधताना हे लक्षात ठेवा.

२३ जून, ठाणे

ठाण्याच्या बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजातल्या एका काकांकडे दर रविवारी जायचं ठरलंय. वय ब्याऐंशी. शाळा मराठी, प्रार्थना हिब्रू, तोंडात दोन्ही सारख्याच सहज. त्यांच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत: तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. योनाचं पुस्तक योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या मोठ्या उपासाच्या दिवशी दुपारी सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) वाचतात, ते त्यांना जवळजवळ पाठ आहे.

आज मी त्यांना पहिला अध्याय वाचून दाखवला. नवव्या ओवीत खलाशी विचारतात, तू कोण? योना सांगतो, “इव्री आनोखी.” मी इब्री, म्हणजे हिब्रू माणूस. मी वाचलं, “अव्दी.”

काका थांबले. “अगं, तो दालेत नाही, रेश आहे. कोपरा बघ. दालेतला कोपऱ्यात टोक येतं, रेश वळणावर गोल असतो.”

आपल्या जुन्या छपाईत घ-ध आणि म-भ गोंधळतात तसंच. घरी येऊन जुनं ग्रीक भाषांतर पाहिलं, आणि चटका बसला. तिथे योना म्हणतो, मी प्रभूचा सेवक. सेवक म्हणजे एवेद. त्या भाषांतरकारांनी रेशचा दालेत वाचला आणि शेवटचा योद हे देवाच्या नावाचं आद्याक्षर धरलं, असा उलगडा अभ्यासक करतात. बावीसशे वर्षांच्या आसपास जुनी चूक, आणि मी आज दुपारी त्याच अक्षरावर घसरले. टिंडेल आणि किंग जेम्स, दोघांनीही हिब्रूच धरलंय.

७ जुलै

पहिला अध्याय झाला. ठरवलं होतं त्याच्या दुप्पट वेळ, पण सगळ्यात जास्त याच अध्यायानं दिलं.

‘कूम, लेख’: ऊठ, जा. आपल्याला हे ऐकून काहीच वावगं वाटत नाही, आपण असंच बोलतो. आजच्या कित्येक इंग्रजी बायबलांत ‘ऊठ’ उडालंय, नुसतं ‘गो’ राहिलंय. तोटा लगेच पुढे होतो, कारण पुढची ओवी म्हणते ‘वायाकोम योना’, योना उठला. ऐकणाऱ्याला वाटतं, ऐकलं याने. आणि पुढचा शब्द येतो: पळून जायला. सहाव्या ओवीत तांडेल येऊन झोपलेल्या योनाला पुन्हा तेच म्हणतो, ‘कूम’. परक्या देवाच्या माणसाच्या तोंडून देवाचाच शब्द. किंग जेम्सने तिन्हीकडे उठवण्याचा शब्द सांभाळलाय.

तांडेल हा शब्द मी बराच विचार करून ठेवला. हिब्रूत ‘रव हाखोवेल’, म्हणजे दोरखंडवाल्यांचा मुख्य. ‘कप्तान’ लिहिलं तर दोरखंड जातो, ‘जहाजाचा अधिकारी’ लिहिलं तर समुद्रच जातो. आपल्या किनाऱ्यावरचा तांडेल दोऱ्यांचा आणि माणसांचा दोन्हींचा मुख्य असतो. याच ओव्यांत जहाजाला एकदाच ‘सेफीना’ म्हटलंय, एरवी ‘ओनिया’. सेफीना आख्ख्या हिब्रू बायबलात पुन्हा येत नाही. आणि आपण मात्र तो गझलांतून ऐकलेला असतो: सफीना, अरबीतून आलेला. दोन सेमिटिक भाषांतला एक शब्द, डोंबिवलीत रेडिओवरून ओळखीचा झालेला.

‘यारद’, उतरणे. योना याफो बंदराला उतरतो, जहाजात उतरतो, जहाजाच्या पोटात उतरतो, पुढे दुसऱ्या अध्यायात डोंगरांच्या मुळांपर्यंत उतरतो. आणि झोप लागते त्यासाठी शब्द ‘वायेरादम’, ज्यात तो ‘येरेद’ कानाला ऐकू येतो. टिंडेल इथे सैल पडला: आधी खाली गेला, मग ‘जहाजावर चढला’. इंग्रजीत जहाजावर चढतातच, त्याचं तरी काय चुकलं. किंग जेम्सने चारही ठिकाणी ‘खाली जाणं’ ठेवलं.

पण चौथ्या ओवीत पारडं फिरतं. देव समुद्रावर वारा ‘हेतील’ करतो, म्हणजे भिरकावतो. त्याच क्रियापदाने खलाशी सामान भिरकावतात आणि शेवटी योनाला भिरकावतात. टिंडेलने वाऱ्यासाठी ‘हर्ल्ड’ लिहिलं, हातातून सुटलेल्या दगडासारखं. किंग जेम्सने ‘सेंट आउट’, पाठवला. पत्र पाठवावं तसा. आणि त्याच ओवीत हिब्रू म्हणतं, जहाजाने फुटायचा विचार केला! किंग जेम्स: फुटण्याच्या बेतात होतं. इथे मी वहीत रागाने लिहिलं, ‘भाषांतरकारांना दिसलंच नाही.’ हे वाक्य पुढे मला खोडावं लागलं, १० ऑगस्टची नोंद पाहा.

२१ जुलै

दुसरा अध्याय. ही माशाच्या पोटातली प्रार्थना, कविता आहे. इथे माझं हिब्रू तोकडं पडतं. एका संध्याकाळी दोन ओळी, कधी एकच.

एक गोष्ट लिहून ठेवते. सहाव्या ओवीत पाणी ‘आद-नेफेश’ वेढतं, नेफेशपर्यंत. किंग जेम्स: ‘सोल’पर्यंत. पाणी आत्म्यापर्यंत कसं चढेल? नेफेश म्हणजे गळा, श्वास, जीव, सगळंच. अक्कादी भाषेतल्या ‘नपिश्तु’लाही जीव आणि गळा दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजीला यातला एक निवडावा लागतो. मी दोन दिवस ‘गळ्यापर्यंत’ आणि ‘जिवापर्यंत’ यांत अडकले होते, आणि मग आईच्या तोंडचं आठवलं: प्राण कंठाशी आले. जीव आणि गळा एकाच जागी ठेवणारी ही बोली आपल्याकडे आयती आहे. ‘पाणी माझ्या कंठप्राणाशी आलं’ असं लिहिलं. काका म्हणाले, “हे ठेव.”

माशाचं मात्र जमलं नाही. पहिल्या ओवीत तो ‘दाग’, पुल्लिंगी. दुसऱ्या ओवीत ‘दागा’, स्त्रीलिंगी. अकराव्यात परत दाग. राशी नावाच्या मध्ययुगीन यहुदी भाष्यकारासारख्यांनी यावरून दोन मासे होते असं सांगितलंय. मी मासा-मासोळी करून पाहिलं, पण मासोळी म्हणजे डोळ्यांपुढे चिमुकली उभी राहते, तिच्या पोटात माणूस कसा मावणार. ‘मासा’ ठेवलं, खाली टीप दिली. इंग्रजीत लिंगच नाही, त्यामुळे टिंडेलपुढे हा प्रश्न उभाच राहिला नसणार. देवमासाही मूळात नाही, दोन्ही इंग्रजी योनांत ‘मोठा मासा’च आहे. ‘व्हेल’ येतो तो किंग जेम्सच्या नव्या करारातल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, ग्रीक शब्दावरून.

४ ऑगस्ट

तिसरा अध्याय लवकर झाला, चार बैठका.

योनाचं निनवेतलं प्रवचन हिब्रूत पाच शब्दांचं आहे: “ओद अर्बाईम योम व-निनवे नेहपाखेत.” अजून चाळीस दिवस आणि निनवे… पुढचा शब्द काय करायचा? हाफख म्हणजे उलथणं, आणि हाफख म्हणजे बदलणंही. किंग जेम्सचं ‘ओव्हरथ्रोन’ शहर पाडतं आणि थांबतं. पण गोष्टीत शहर पडत नाही, बदलतं. योनाचे शब्द खरेच ठरतात, त्याला हवे होते त्या अर्थाने नाही. मी लिहिलं: ‘अजून चाळीस दिवस, आणि निनवे पालटणार.’ पालटणं मराठीत दोन्हीकडे झुकतं, उलथापालथीकडेही आणि पालट होण्याकडेही.

निनवे म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलसमोरचं, तैग्रिसच्या पलीकडच्या काठावरचं. तिथल्या एका टेकाडाला नबी युनूस म्हणतात. त्यावरची मशीद २०१४च्या जुलैत सुरुंग लावून उडवली गेली. हे लिहिताना काही वेळ काम थांबवलं होतं.

१० ऑगस्ट

सगळ्यात मोठी चूक आज सापडली, आणि ती माझी आहे.

किंग जेम्सचा मजकूर मी इंटरनेटवरून साधा उतरवून घेतला होता आणि रकान्यावर ‘१६११’ असं लिहिलं होतं. आज मूळ छपाईच्या पानांची चित्रं पाहिली. पहिली गोष्ट, माझा मजकूर १६११चा नव्हताच. बाजारात सर्रास मिळतो तो १७६९मध्ये ऑक्सफर्डला सुधारलेला पाठ असतो, वर्णलेखन वेगळं. दुसरी, मूळात नसलेले आणि इंग्रजीसाठी घातलेले शब्द त्यांनी वेगळ्या टायपात छापले होते. ‘मी इब्री आहे’मधला ‘ॲम’ हिब्रूत नाही, तो त्यांनी वेगळा दाखवला. माझ्या साध्या मजकुरात हा भेद पुसला गेला होता.

तिसरी गोष्ट जास्त लागली. समासात टिपा आहेत. ‘सेंट आउट’च्या बाजूला: हिब्रूत, भिरकावला. ‘फुटण्याच्या बेतात’च्या बाजूला: हिब्रूत, फुटायचा विचार केला. ‘नोबल्स’च्या बाजूला: मोठी माणसं. किंग जेम्सच्या सत्तेचाळीस भाषांतरकारांना सगळं दिसलं होतं. ओवी वाचायला सरळ राहावी म्हणून त्यांनी ते समासात ठेवलं, टाकून दिलं नाही. टाकून दिलं ते मजकूर उतरवणाऱ्याने, आणि न तपासता घेतलं मी. जूनमध्ये मक्काफ पुसली तशीच ही समासाची पट्टी पुसली गेली, फरक इतकाच की तेव्हा संख्या जुळेना म्हणून कळलं, इथे दोन महिने सगळं जुळतच होतं.

‘भाषांतरकारांना दिसलंच नाही’ खोडलं. असे अकरा शेरे वहीत निघाले, त्यातले सात खोडावे लागले. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातली प्रत्येक ओवी चित्रांवरून पुन्हा ताडली. जवळजवळ दोन आठवडे. हे काम कोणी करणार असेल तर पहिल्या दिवशी छपाईच्या पानांची चित्रं उघडा, उतरवलेला मजकूर फक्त शोधण्यापुरता वापरा.

१८ ऑगस्ट

‘राआ’ची ओळ. या एका ओळीसाठी सगळी वही केली असं आता वाटतं.

दुष्टपणा, संकट, दुःख असे अर्थ असलेला रा-राआ हा शब्द योनात नऊ वेळा येतो. निनवेची राआ देवापुढे वर आली. खलाशी विचारतात, ही राआ आमच्यावर कुणामुळे आली. निनवेकर आपल्या रा मार्गापासून वळले. देवाने करायचं म्हटलेल्या राआपासून मन फिरवलं. आणि मग चौथ्या अध्यायाचं पहिलं वाक्य: योनाला मोठी राआ झाली. शहरातली राआ गेली, ती योनात येऊन बसली. पुढे देव झाड उगवतो ते योनाला ‘त्याच्या राआतून’ सोडवायला.

किंग जेम्समध्ये पहिली ‘विकेडनेस’, मधल्या ‘ईव्हिल’, योनाची ‘डिसप्लीज्ड’ आणि शेवटची ‘ग्रीफ’. प्रत्येक शब्द आपापल्या जागी योग्य, पण सगळे एकच आहेत हे इंग्रजी वाचकाला कधी कळणार नाही. आणि हे त्यांनी जाणूनबुजून केलं: एका शब्दाला एकच प्रतिशब्द बांधून घेतलेला नाही, असं त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलंय.

मी आधी दुष्टाई, अरिष्ट, नाराजी, दुःख असे चार शब्द लिहिले होते, म्हणजे तेच केलं होतं. काकांना चौथ्या अध्यायाची पहिली ओवी नीट लागेना, ते स्वतःशीच मराठीत बोलत होते: “योनाला वाईट वाटलं. फार मोठं वाईट वाटलं.”

मी पेन खाली ठेवलं. वाईट! त्यांचं वाईट वर आलं. आमच्यावर हे वाईट कुणामुळे आलं. ते वाईट वाटेवरून वळले. देवाने करायचं वाईट केलं नाही. योनाला मोठं वाईट वाटलं. नऊच्या नऊ जागा. पाप, संकट आणि मनाची खंत, तिन्ही एका साध्या शब्दात, आणि तो आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. टिंडेल म्हणायचा, लॅटिनपेक्षा इंग्रजीचं हिब्रूशी हजार पटींनी जास्त जुळतं. माझी मराठीबद्दल तशी मोठी घोषणा नाही, मासोळी आठवते. पण या ओळीपुरतं, हो.

२५ ऑगस्ट

एक चूक चटकन नोंदवते. चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीत देवाला ‘एरेख अपायिम’ म्हटलंय. क्रमांक लावलेल्या शब्दसूचीत एरेख म्हणजे लांब, अफ म्हणजे नाक, म्हणून शब्दशः रकान्यात मी ‘लांब नाकाचा’ लिहून मोकळी झाले. सूचीतला पहिला अर्थ उचलायचा नसतो. अफ म्हणजे नाक आणि राग दोन्ही. आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावर असतो. याचं नाक लांब, राग शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. ‘रागाला उशीर लावणारा’ असं केलं. यानंतर मोठा शब्दकोश विकत घेतला, जुना, १,६५० रुपये. तो आधीच घ्यायला हवा होता.

१ सप्टेंबर

कीकायोन. देव योनाच्या डोक्यावर सावलीसाठी उगवतो ते झाड.

जुन्या ग्रीकमध्ये ते भोपळा. जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये आणताना आयव्हीची वेल केली. उत्तर आफ्रिकेतल्या ओएया, म्हणजे आजच्या त्रिपोली गावात बिशपने हा नवा पाठ वाचायला लावला, तेव्हा पिढ्यानपिढ्या भोपळा ऐकलेल्या लोकांनी इतका गोंधळ केला की बिशपला गावातल्या यहुद्यांकडे विचारायला जावं लागलं. ऑगस्टिन या दुसऱ्या बिशपने जेरोमला पत्रात हे कळवलं. टिंडेलने रानवेलीसारखं काहीतरी म्हणून सोडून दिलं. किंग जेम्सने भोपळा ठेवला आणि समासात पामक्रिस्ट लिहिलं.

पामक्रिस्ट म्हणजे एरंड! इजिप्तमध्ये एरंडाला ‘किकी’ म्हणत, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. त्यावरून कीकायोन म्हणजे एरंड हे मत आज बरंच मान्य आहे. हिंदी बायबलातही रेंडच आहे.

डोंबिवलीला रुळांच्या कडेला एरंड मातलेला असतो, तो आज जाऊन पाहिला. पंजाएवढी पानं, झपाट्याने वाढ, ठिसूळ पोकळ देठ. दोन झाडांवर अळी पडली होती, पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. ‘एका रात्रीत आला आणि एका रात्रीत गेला’ हे वाक्य तिथे उभं राहून वाचलं. आपल्याकडे ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. योना तसाच बसलाय: शहराबाहेर, उन्हात, एकटा, आणि त्याला मोठा आधार त्या एरंडाचा. वहीत ‘एरंड’ लिहिलं, टीप दिली. काका म्हणाले, तेल्याच्या घरात आधी दाखवायचं होतंस.

मासा, एरंड, अळी, पूर्वेचा वारा: चौघांना देव एकाच क्रियापदाने ‘नेमतो’, वायमन. किंग जेम्सने चारही जागी ‘प्रिपेअर्ड’ ठेवलंय. प्रस्तावनेत काही म्हटलं तरी जिथे राखायचं तिथे राखलंय. हेही शेऱ्यांत लिहिलं.

२९ सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं होतं. आज छपाई बिघडली.

पाच नमुनाप्रती काढल्या. दुकानदाराने पीडीएफऐवजी माझी मूळ फाइल उघडली, त्याच्या यंत्रावर हिब्रू टंक नव्हता. पहिल्या रकान्यात सगळीकडे चौकोन. टंक मिळाल्यावर दुसरी खेप काढली, तर ओळी डावीकडून उजवीकडे पडल्या, शब्द उलट क्रमाने. १,१२० रुपये गेले. दुसऱ्या दुकानात फक्त पीडीएफ नेली, टंक आत बसवून, आणि पेनड्राइव्हवर दुसरं काहीच ठेवलं नाही. एक पान आधी काढून घेतलं, काकांना वाचून पाहायला लावलं, मग बारा प्रती. स्पायरलसकट १४५ रुपये प्रत, एकूण १,७४०.

शब्दकोश, छपाई, वाया गेलेली छपाई आणि लोकल-रिक्षाचे सहाशे धरून ५,११० रुपये. तास मोजलेत, दोनशे सोळा. त्यातले निदान साठ चुका निस्तरण्यात.

रात्री टिंडेलचं तुरुंगातलं पत्र वाचलं, फिल्फोर्डच्या किल्ल्यातून १५३५च्या हिवाळ्याच्या तोंडावर लिहिलेलं. त्याने गरम टोपी मागितली, संध्याकाळी दिवा मागितला, आणि सगळ्यात जास्त विनवून हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण, हिब्रू शब्दकोश मागितला. माझ्या टेबलावर ती तिन्ही पुस्तकं आहेत आणि दिवाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले. काकांनी दुपारी सिनेगॉगमध्ये योना वाचला. आमची वही त्यांनी दोन दिवस आधीच वाचून ठेवली होती. सणाच्या नेमाप्रमाणे काल त्यांना पेन धरायचं नव्हतं, म्हणून आज सकाळी फोन आला.

“‘गादोल’च्या ओळीत किती लिहिलेत?”

चौदा, मी म्हटलं. गादोल म्हणजे मोठा: मोठं शहर, मोठा वारा, मोठं वादळ, मोठी भीती, मोठा मासा, मोठ्यांपासून लहानांपर्यंत, मोठी माणसं, मोठं वाईट, मोठा आनंद. किंग जेम्समध्ये त्यातले निम्मे ‘ग्रेट’, बाकीचे ‘मायटी’, ‘एक्सीडिंगली’, ‘नोबल्स’ असे वाटले गेलेत. मी तीनदा मोजले होते.

“दहावी ओवी वाच. देव एरंडाबद्दल काय म्हणतो?”

‘लो गिद्दालतो.’ मी लिहिलं होतं, ‘जो तू वाढवला नाहीस.’ विशेषणं मोजताना क्रियापद मोजलंच नव्हतं. धातू तोच, गादल.

“तू पोरं वाढवतेस का मोठी करतेस?” काका म्हणाले. “‘जो तू मोठा केला नाहीस.’ आणि लगेच पुढच्या ओवीत, मग त्या मोठ्या शहराची मला कीव येऊ नये?”

बाराही प्रतींच्या एक्केचाळिसाव्या पानावर पट्टी चिकटवली. ओळीचा आकडा पंधरा केला. फाइलही बदलली. पुढची खेप हवी असेल त्यांना सुधारलेलीच मिळेल.